वाकून बोलणारा माणूस

पार्ल्यात स्टेशनजवळ कानाची यंत्रं दुरुस्त करणारा एक माणूस माझ्याशी नेहमी कमरेत वाकून बोलायचा. मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेलो. मला वाटायचं, मान देतोय. म्हणून यंत्र जरा खरखरलं तरी मी त्याच्याकडे जाऊन बसायचो. तो ते उघडायचा, फुंकर मारायचा, पुसून द्यायचा. घरी पोचेपर्यंत खरखर परत सुरू.

शेवटी वैतागून म्हणालो, "हा खिशातला डबा आता पुरे. ते कानामागे बसणारं नवीन दाखवा. दिसत नाही म्हणे."

दुसरा असता तर त्यानं पटकन काढून दाखवलं असतं. हा म्हणाला, "यंत्र ठणठणीत आहे, काका. तुम्ही ते बनियनच्या खिशात लपवता, वर शर्ट. कपडा घासतो ना डब्यातल्या माइकवर! पहिल्या दिवसापासून सांगतोय."

"ऐकू नाही आलं," मी म्हणालो. तेवढं खोटं मला शोभत होतं. कानातून कॉलरमध्ये शिरणारी वायर सगळ्या चाळीला दिसायची. मी मात्र डबा लपवून खूश होतो.

त्यानं माझं वरचं बटण काढलं, डबा बाहेर ओढला आणि शर्टाच्या खिशाला बाहेरून लावला.

"आठवडाभर असेच फिरा. तरी खरखरलं तर नवीन देतो."

प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला. आणि तो ताठ उभा राहून बोलत होता. इतकी वर्षं तो वाकत होता, तो माझ्या बनियनला ऐकू जावं म्हणून.