बाईंच्या ओट्याचं माप

नव्वदच्या दशकात सांगलीत आमची घरदुरुस्तीची कंपनी होती. कंपनी म्हणजे मिस्त्री, जतकडचा एक कानडी सुतार, मी रंगारी आणि एक टेम्पो. पुलाचा चढ दिसला की टेम्पो रुसायचा आणि आम्ही तिघं खाली उतरून मागनं त्याची समजूत काढायचो. सांगली ते आष्टा हा रस्ता मी टेम्पोत बसून जेवढा गेलो, त्याच्या दुप्पट टेम्पोमागं चालत गेलो असेन. पण रुबाब कायम टेम्पोवाल्याचाच.

कंपनीच्या दोन रीती होत्या, दोन्ही मिस्त्रीनं घातलेल्या. शहरातल्या कामांतून जे उरेल ते, म्हणजे अर्धं पोतं सिमेंट, चार फरश्या, डब्याच्या तळाचा रंग, मालकाला विचारून गोळा करायचं आणि वर्षातून एकदा त्यातून कुणाचं तरी घर फुकट नीट करून द्यायचं. अशा घराची एक भिंत हळदीच्या व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यासारखी पिवळी व्हायची, तर समोरची दवाखान्यासारखी हिरवी. मी रंगारी म्हणून सांगतो, ते दोन रंग एकमेकांकडं बघून शिंकायचे.

दुसरी रीत म्हणजे घराआधी घरातली बाई मोजायची. मिस्त्री म्हणायचा, "भाकरी काय भित थापती व्हय रं? मग नुसतं भितीचं माप घिऊन काय करू?" घरच्या बाईला भिंतीला टेकून उभं करायचं, हवेत भाकरी थापायला लावायची आणि कोपराशी खूण करायची. त्या खुणेच्या जरा खाली ओटा. आमच्या ओट्यापाशी कुणाचीच कंबर दुखली नाही. एकीची तर आधीपासून दुखणारी थांबली, असं मी गावभर सांगत असे. ते मी सांगेपर्यंत तिलाही माहीत नव्हतं.

त्या वर्षी काम आलं आष्ट्याच्या बालवाडीच्या बाईंचं. पुढच्या खोलीत बालवाडी, मागच्या खोलीत बाई एकट्या. वळवाच्या वाऱ्यानं पत्रे उडाले, पुढची भिंत फुगली, मागचा ओटा बसला. तपासणीचे साहेब येऊन बजावून गेले की शाळा सुरू व्हायच्या आत घर धड झालं नाही, तर बालवाडी बंद. बाई आम्हाला एवढंच म्हणाल्या, "पोरं गेली तर मी सकाळी उठून दार कुणासाठी उघडू?"

मिस्त्री स्वतः त्याच बालवाडीतला. लहानपणी बाईंनी त्याला भिंतीकडं तोंड करून इतक्या वेळा उभं केलं होतं की, माझ्या मते, भिंतीतलं त्याला जे काही कळतं ते तिथंच कळलं. आणि बाई उंच. ढगाला काही निरोप द्यायचा असला तर गावानं त्यांच्याकडंच द्यावा, एवढ्या उंच.

पत्रे झाले, भिंत झाली, मापाची वेळ आली. मिस्त्री कानावरची पेन्सिल काढून बाईंपुढं गेला, घसा खाकरला आणि तसाच परत आला.

"आरं, सांग की त्यास्नी," मी म्हणालो.

"काय सांगू?"

"भितीला उभ्या ऱ्हावा म्हनून."

"बाईस्नी? तू सांग."

"मी रंगारी हाय गड्या."

दोघांनी सुताराकडं बघितलं. सुतार म्हणाला, "माझ्याकडं बघू नगा, मला मराठी येत न्हाई." हे त्यानं अस्सल मराठीत सांगितलं.

शेवटी मिस्त्री दारातल्या पोरांकडं वळला. "या घरात कोन ऱ्हातं रं?"

"आमी," सगळी ओरडली.

"मग लागा रांगंला."

सुतार टेप लावून कन्नडात आकडे म्हणत गेला. पुढं कित्येक दिवस ती पोरं मोजायला लागली की 'ओंदु, एरडु'च म्हणायची. त्या मापानं फळा लागला, मांडणी लागली, नळ बसला. बाई तोवर गावातच बहिणीकडं राहायला गेल्या होत्या. मागच्या ओट्याची पाळी आली तेव्हाही मिस्त्रीच्या खिशात तेवढंच एक माप होतं.

"तेच धर," तो सुताराकडं न बघता म्हणाला. "पयलं बाया चुलीम्होरं बसूनच भाकरी करायच्या की."

साहेब आले त्या दिवशी बाईही साहेबांबरोबरच घरात शिरल्या. फळ्यावरचं वाचायला साहेब वाकले, आणखी वाकले आणि शेवटी इस्त्रीच्या पँटीसकट पाटावर बसले. एका पोरीनं त्यांना मुठीतले चुरमुरे दिले. खाल्ले त्यांनी. मग उठून ते मागच्या खोलीत गेले. तिथं आमचा ओटा बाईंच्या गुडघ्याशी उभा होता.

"हे काय?" साहेब म्हणाले. "हा ओटा कुणासाठी? उरलेल्या सामानात असलंच काम होणार. पुढंही असंच असेल, सगळं पुन्हा बघावं लागेल."

मिस्त्रीचा चेहरा माझ्या चुन्याच्या बादलीसारखा झाला. बाईंनी ओट्याकडं बघितलं, मग मिस्त्रीकडं.

"पोरांसाठी," त्या म्हणाल्या. "मी त्यांना भाकरी थापायला शिकवते."

"बालवाडीत?"

"मोठी झाल्यावर कोण शिकतंय, साहेब? तुम्हाला येते?"

साहेबांनी विषय बदलला. बालवाडी सुरू ठेवा, असं सांगून ते गेले.

ते वळणाआड होईतो बाई दारात उभ्या होत्या. मग मागं न बघता म्हणाल्या, "भिंतीला उभा राहा."

मिस्त्री गेला. बायको-पोरांचा बाप, सांगलीतल्या निम्म्या ओट्यांचा धनी, पिवळ्या भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. पोरांना एवढा आनंद दिवाळीतही झाला नसेल. जरा वेळानं बाई त्याच्या शेजारी येऊन भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि हवेत भाकरी थापायला लागल्या.

"घे आता माप," त्या म्हणाल्या. "एवढंच विचारायचं होतं नं, बाळा?"

कोपराशी खूण करायला मिस्त्रीला पोरांचा पाट पायाखाली घ्यावा लागला.

उंच ओटा आम्ही शेजारी बांधला. बुटका तसाच ठेवला, कारण साहेबांपुढं निघालेला शब्द बाईंनी खरा करायचा ठरवला होता. पोरं रोज भाकऱ्या थापायची. पहिल्या दिवशीच्या तीन भाकऱ्या बाईंनी आम्हाला बांधून दिल्या. दोन आम्ही खाल्ल्या. तिसरी पुढं कितीतरी वर्षं चढावर टेम्पोच्या चाकामागं लावायला उपयोगी पडली.