कांचन म्हणून दाखवलेलं झाड

फाल्गुनात आमच्या पुंडलिकनगराकडची झाडं फुलतात आणि मला शहाणपणाचा ताप चढतो. मोबाइलवरून शहरभरातली आठ-दहा माणसं जमवायची आणि रविवारी सकाळी त्यांना फुलांवरून झाडं ओळखायला शिकवायची, हा माझा उद्योग. स्वतःचं शिक्षण मात्र दोन पुस्तकांपुरतं.

त्या आठवड्यात वडील पिशोरहून डोळे दाखवायला आले होते. जन्मभर शेळ्या-मेंढ्या वळलेला माणूस. "मी बी येतो," म्हणाले आणि धोतर नेसून, खांद्यावर टॉवेल टाकून निघाले. नको म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

एका झाडावर पान नव्हतं, नुसता गुलाबी फुलोरा. त्याखाली उभा राहून मी ऐटीत सांगितलं, "हा कांचन. याच्या फुलांची भाजी करतात." एका बाईंनी लगेच पिशवी काढली आणि खाली पडलेली फुलं वेचू लागल्या.

मागून वडील बोलले, "ताई, नका घेऊ. ह्यो कांचन नाय. कांचनाची पाकळी पाकळी सुटी असती. हे बघा, फूल अख्खंच्या अख्खं गळालंय. आमच्या शाळंपुढं हाय असलं झाड, शेळी बी त्वांड लावत नाय."

ते बरोबर होते. तो टॅबेबुया होता, रस्त्याकडेला शोभेसाठी लावतात तो. फूल कर्ण्यासारखं एकसंध होतं. एवढी साधी खूण मी पाहिली नव्हती. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

बाईंनी विचारलं, "हे कोण तुमचे?"

दोन शब्दांत उत्तर होतं. मी म्हणालो, "गावाकडचे आहेत. शेळ्या राखतात. त्यांना शहरातल्या झाडांचं काय कळतंय!"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. टॉवेलनं तोंड पुसलं आणि बाईंना म्हणाले, "व्हय, सायबांच्या गावचाच हाय मी. सायब म्हणत्यात तसंच असंल. पर भाजी तेवढी करू नका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी पुढच्या झाडाकडे वळलो. उरलेला रस्ताभर ते माझ्या दहा पावलं मागं चालले आणि मी एकदाही थांबलो नाही.

घरी बायकोनं चहा देताना विचारलं, "मामंजी, कसं वाटलं?"

"लई मान हाय त्याला तिथं," वडील म्हणाले. "लोकं गपगुमान ऐकत्यात."