भासऱ्यांवरचा अविश्वासाचा ठराव

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, बाभुळगावजवळच्या आमच्या गावाचे सरपंच होते. दाराशी आले की आधी खाकरायचे. तो आवाज ऐकला की मी पदर ओढून आत सरायची. लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. पंचायतीत एक जागा बाईसाठी होती, तिच्यावर त्यांनीच माझं नाव घातलं. तोंड न उघडणारा घरचा सदस्य कोणाला नको असतो?

कोलाम पोडासाठी, म्हणजे गावाबाहेरच्या कोलाम आदिवासींच्या वस्तीसाठी, मंजूर झालेली विहीर त्यांनी आमच्या कुंपणाला लागून खणली. पाणी गोड निघालं, आणि सगळ्यांत आधी मीच भरायची. पोडावरच्या बाया उन्हातून चालत यायच्या आणि माझं भरून होईपर्यंत फाटकाशी थांबायच्या. पोट पुढे आलेली एक पोर तर घागर टेकवून जमिनीवर बसकणच मारायची. तिच्याकडे पाहायची मला लाज वाटे.

मग सरपंचांवर अविश्वासाचा ठराव आला. मी काय करू म्हणून नवऱ्याला विचारलं, तर तुझं तू पाह्य म्हणून तो वावरात निघून गेला. सभा चालवायला तालुक्याहून साहेब आले. मुंबईत मंत्र्यांना खाली उतरवायचं झालं तरी रीत अशीच, असं त्यांनी समजावलं. आधी आरोप, मग ज्याच्यावर आरोप त्याचं उत्तर, आणि मग हात. उत्तर ऐकून घ्यायचं, हे मला फार आवडलं. भासरे उठले आणि पोडाकडे पाणीच लागत नाही म्हणाले. तिथे खणून पाहिलं का, असं कोणीतरी विचारलं, तेव्हा ते खाली बसले.

साहेबांनी हात मोजले. ठराव पास व्हायला एक कमी पडत होता. तेवढ्यात त्यांची नजर माझ्याकडे गेली. माझा हात कानाशी होता, बोटांत पदराचा काठ.

"पदर सावरून राह्यली ते," भासरे साहेबांना म्हणाले. "मोजू नका."

सगळे हसले. गप्प राहिले असते तर घर, पाणी, मान, सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. मी खूप घाबरले होते.

"नाही जी," मी म्हणाले. "हात वर हाये."

पुढे पोडावर विहीर झाली. पाणीही लागलं. भासरे मला कधी वेडंवाकडं बोलले नाहीत, वाढलेलं मुकाट्याने जेवायचे. फक्त त्या दिवसापासून दाराशी खाकरायचे थांबले. मी समोर असले तरी सरळ आत यायचे. मी घाईघाईने पदर ओढायची, आणि त्यांचं लक्षही नसायचं. मला मोकळं वाटायला हवं होतं, पण कान दाराकडेच लागलेले असत.

त्यांनी मला मोकळीक दिली होती की घरच्या सुनांतून वजा केलं होतं, हे विचारायचं राहूनच गेलं. त्यांच्यासमोर तोंड उघडायचं धाडस माझ्याने एकदाच झालं.