अकरा पूर्णांक आठ

उन्हाळ्यातल्या एका मंगळवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, अमळनेर-धुळे रस्त्यावर आमच्या पिकअपचं इंजिन बंद करण्यात आलं. मागच्या सीटवर माझे वडील होते. त्यांना ऑक्सिजन देणारं यंत्र गाडीच्या बॅटरीला जोडलेल्या इन्व्हर्टरवर चालत होतं.

रुग्णवाहिका जळगावला गेलेली होती. म्हणून शेजारच्या नानांनी कपाशी वाहायची स्वतःची पिकअप काढली. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. लायटरच्या जागी खोचलेल्या छोट्या मीटरवर व्होल्टेजचा आकडा दिसत होता. इन्व्हर्टर देणाऱ्याने सांगितलं होतं : गाडी चालू असताना चौदाच्या आसपास राहिला पाहिजे, अकराच्या खाली गेला, तर इन्व्हर्टर बंद पडेल.

गाव सोडताना १४.१ होता. पहिल्या खड्ड्यात १२.६ झाला, मग १५, मग परत १२. मी प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत होतो. 

"अकरा आठ," मी म्हणालो. नानांनी गाडी कडेला घेतली आणि चावी फिरवली.

"बंद का केली?"

"व्होल्टेज पडनं ना भो. मोटर जळी जाई. तुना बापनीच शिकाडेल शे माले."

ते खरं होतं. वडिलांनी चाळीस वर्षं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे आतली तार पुन्हा गुंडाळायचं काम, केलं. व्होल्टेज पडलं की आधी बटण बंद करायचं, हे गावाला त्यांनीच सांगितलं होतं.

आकडा १०.७ झाला. इन्व्हर्टर ओरडला आणि बंद पडला. पाठोपाठ यंत्र थांबलं.

मी मागे गेलो. वडिलांच्या पायाशी छोटं सिलिंडर होतं. त्यात जेमतेम पंधरा मिनिटांचा ऑक्सिजन उरला होता. नळी त्याला जोडताना ती माझ्या हातातून दोनदा निसटली. वडिलांच्या बोटाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावर ८३ दिसत होते. त्यांचे ओठ राखाडी झाले होते.

"नाना," ते थांबत थांबत म्हणाले, "हाई तुनी विहीर नही शे. इंजिनच लाईट बनाडस. चालू कर."

नानांनी चावी फिरवली. टक् असा एक आवाज आला. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्.

"बॅटरीनी वायर हालाड," वडील म्हणाले.

मी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या एका टोकावरची वायरची पकड हाताने गोल फिरत होती. तिच्या आत हळद-कुंकवाचा वाळलेला थर होता. दसऱ्याला नवी बॅटरी आणली, तेव्हा नानांनी आधी पूजा केली होती आणि तशीच पकड बसवली होती. खड्ड्यागणिक ती सुटत होती, म्हणून आकडा वरखाली होत होता.

"देवनंच करं ना मी," नाना म्हणाले. त्यांनी थर चाकूने खरवडला, उपरण्याने पुसला, पान्याने बोल्ट आवळला. सिलिंडरचा काटा शून्याला टेकत आला होता.

तिसऱ्यांदा चावी फिरवल्यावर इंजिन सुरू झालं. मीटरवर १३.९ आकडा आला. मी यंत्राचं बटण दाबलं, नळी बदलली. पुढच्या खड्ड्यात आकडा हलला नाही. मागे वळून पाहिलं, तर वडिलांच्या बोटावरचा आकडा ८९ वर आला होता.

एक वाजून पाच मिनिटांनी धुळ्याच्या रुग्णालयात भिंतीवरच्या ऑक्सिजनला त्यांची नळी जोडण्यात आली.