पोळ्याची मोटार

आमच्या घरी पोळ्याला मोटार पुजतात. हे सांगितलं की नगरमधल्या माझ्या शेजारणी हसतात आणि मला लगेच राग येतो. राग माझ्या नाकावरच असतो. तो आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, वारसा आहे असं आई म्हणते. बैल विकले त्या वर्षी पोळ्याच्या दिवशी आप्पा सकाळपासून रिकाम्या गोठ्यात बसून होते. दुपारी उठले, शेडमधली जुनी पेट्रोलची मोटार बाहेर काढली, धुतली, बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि आईला म्हणाले, "निवद आन." आईनं पुरणपोळी आणून मोटारीसमोर ठेवली. संध्याकाळी बैलांच्या मागोमाग ती मोटार वेशीतून मारुतीच्या देवळापर्यंत गेली. गाव पोट धरून हसलं. पुढच्या वर्षी जरा कमी हसलं. आता वेशीत मोटार दिसली नाही तर लोक चौकशी करतात.

मोटार गोल नाकाची, पांढरी, वयानं माझ्यापेक्षा थोडी थोरलीच. आप्पांनी घेतली तेव्हाच ती कुणीतरी वापरून दमवलेली होती. तिनं श्रीगोंद्याच्या बाजाराला कांद्याच्या गोण्या नेल्या, अडलेल्या बायका दवाखान्यात नेल्या, गावातल्या निम्म्या नवऱ्या सासरी पोचवल्या. मीही तिच्यातूनच सासरी गेले, आणि तिच्यावरच उसाच्या कडेच्या गाडीवाटेनं चालवायला शिकले.

यंदा माझ्या थोरल्या भावानं पुण्यातून फर्मान काढलं. आप्पांनी आता गाडी चालवायची नाही. वय झालं, वेशीत बैल असतात, पोरं असतात, काही झालं तर? उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! मी त्याच्याशी फोनवर कडाकडा भांडले. आप्पांचे डोळे चांगले आहेत, हातपाय चांगले आहेत आणि डोकं तुझ्यापेक्षा चांगलं आहे, असं त्याला सुनावलं. शेवटी माझ्या शब्दावर तह झाला. पोळ्याला मी गावी जायचं, आप्पांच्या शेजारी बसायचं आणि मोटार आप्पांनीच वेशीतून न्यायची. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. आप्पांना हे आईनं सांगितलं तेव्हा ते म्हणे दोन घास जास्त जेवले.

पोळ्याच्या सकाळी मी पोचले तर मोटार अंगणात झळकत होती. आप्पांनी तिला नव्यानं रंग दिला होता. "आतनं बी बघ," म्हणून त्यांनी बॉनेट उचललं. आतल्या भिंतीसुद्धा पांढऱ्याशुभ्र, कुठं ओघळ नाही, कुठं कुंचल्याचा केस चिकटलेला नाही. बैलांच्या शिंगांना ते याच निगुतीनं हिंगूळ लावायचे. मी मनापासून वाहवा केली. ते खुशीत आत बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

कट्. एवढाच आवाज आला. इंजिन हललंसुद्धा नाही.

पुन्हा फिरवली. पुन्हा कट्. आप्पा उतरले आणि मला बसायला सांगितलं. स्वतः बॉनेटपाशी वाकून, माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. "फिरव. काय आवाज येतोय?"

"कट् म्हणतेय."

"योकदाच का लागोपाठ?"

"एकदाच."

गाडी शिकवतानाही ते मला असंच खोदून विचारायचे, म्हणून मला त्या विचारण्याचं उलट बरंच वाटलं. लागोपाठ कटकट झाली असती तर बॅटरी उतरली म्हणता आलं असतं. एकदाच होत होती. तरी खात्री करावी म्हणून त्यांनी मला पुढचे दिवे लावायला सांगितले. समोरच्या गोठ्यातल्या अंधाऱ्या भिंतीवर उजेड पडला. "आता किल्ली फिरव." मी फिरवली. उजेड जरासुद्धा मंदावला नाही. इंजिन फिरवायला बॅटरीची ताकद खर्च होत असती तर दिवे मिणमिणले असते. म्हणजे बॅटरीत जोर होता, पण तो इंजिन फिरवणाऱ्या मोटरीपर्यंत, स्टार्टरपर्यंत, पोचत नव्हता. आप्पांनी बॅटरीच्या टोकांवर गरम पाणी ओतून ती घासली. गाडीखाली हात घालून स्टार्टरला लाकडी मोगरीनं चार ठोके दिले. अडकला असला तर मोकळा होतो म्हणाले. मी किल्ली फिरवली. कट्.

एव्हाना दुपार कलली होती. शेजारचा ट्रॅक्टरवाला कुंपणावरून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "आप्पा, धक्का मारायचा का?"

अंगणात पावसानं चिखल झाला होता, धक्का मारणाऱ्यांचे पाय घसरले असते. आणि इंजिन हातानं फिरवायचं हँडल केव्हाच भंगारात गेलं होतं.

"मंग दोर लावतो," तो हातानं ओढल्यासारखं करून म्हणाला. "वडत नेतो मारुतीपरेंत. लांब न्हाई कुठं."

तो चांगल्या मनानंच म्हणत होता. पण आप्पांचा चेहरा उतरला. "मेलेलं ढोर वडून नेत्यात," ते म्हणाले. "जितं हाय तवर आपल्या पायानं जातंय." तो बिचारा निघून गेला. आप्पा पाण्याच्या पाटाच्या कडेला जाऊन बसले आणि मला खरोखर रडू येईलसं वाटलं. एका मोटारीपायी रडायचं म्हणजे काय, पण प्रश्न मोटारीचा राहिलाच नव्हता. आज ती हलली नसती तर भाऊ जिंकला असता, आणि आप्पा पुन्हा कधी त्या सीटवर बसले नसते.

चडफडत मी एकटीच किल्ली फिरवत बसले. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. मग इंजिन थंड असेल म्हणून चोक, म्हणजे इंजिनापर्यंत गेलेली तार, ओढायला तिच्या मुठीला हात लावला आणि ओरडलेच. मूठ चांगली तापली होती. बोटांना चटका बसला.

आई पुरणाच्या हातानं धावत आली. आप्पाही तिच्या मागून आले, माझी बोटं बघितली, मग चोकच्या मुठीला स्वतः हात लावला आणि तिथंच थबकले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं. "चोकची तार तापली? तिच्यात करंट कसा काय?" मग स्वतःच उत्तर देत गेले. "बॅटरीतनं करंट निघतोय. इंजिनात जातोय. पर त्याला माघारी यायची वाट न्हाई घावत. म्हनून ह्या बारक्या तारंनं येतोय."

माघारी यायची वाट म्हणजे इंजिनापासून गाडीच्या अंगापर्यंत जोडलेली तांब्याची विणलेली पट्टी. आप्पांनी बॉनेट उचललं आणि बघतच राहिले. पट्टी जागेवर होती, नटबोल्ट घट्ट होता. पण पट्टीच्या खाली पांढराशुभ्र रंग होता. रंग नीट बसावा म्हणून त्यांनीच ती पट्टी सोडली होती, खालचं लोखंड एकसारखं रंगवलं होतं, वाळू दिलं होतं आणि वर पट्टी पुन्हा आवळली होती. लोखंडाला तांबं लागतच नव्हतं. दुसऱ्या कुणी रंगवलं असतं तर पट्टीच्या भोवतीनं कुंचला फिरवून मोकळा झाला असता, आणि गाडी सकाळीच सुरू झाली असती.

"म्याच केलं की गं," ते म्हणाले आणि हसायला लागले. आईही हसली. "जास्त लाड केले, दुसरं काय," ती म्हणाली.

त्यांनी विळ्याच्या टोकानं त्या जागेचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं. नवा रंग खरवडताना त्यांचा जीव तुटत होता, दिसत होतं. पट्टी आवळली, हात पुसले आणि ऐटीत चालकाच्या जागेवर बसले. मी शेजारी बसले. वेशीकडून हलगीचा आवाज यायला लागला होता.

किल्ली फिरली. इंजिन घरघरलं, दोनदा ठेचकाळलं आणि सुरू झालं. एकदम मऊ, छान. मी टाळीसाठी हात उचलले. आप्पांनी किल्ली सोडली, क्षणभर थांबले. त्यांचा चेहरा पडला. आणि चालू इंजिनावर त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. करकर असा भयंकर आवाज झाला.

"आप्पा, लागली! सोडा!"

ते समोरच बघत होते. "न्हाई गं लागंना," म्हणाले, आणि तिसऱ्यांदा फिरवली.

आई खिडकीशी आली. तिनं त्यांचा हात किल्लीवरून काढला आणि समोरच्या पत्र्यावर दाबून धरला. पत्रा थरथरत होता. आप्पांना कळलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलंय हेही त्यांना कळलं.

"वरीस झालं," आई मला म्हणाली. "तुला सांगू नको म्हनले. तू त्यांच्यासाठी भांडत हुतीस, त्यांना लई बरं वाटत हुतं."

डोळे चांगले, हातपाय चांगले, असं मी भावाला छातीठोकपणे सांगितलं होतं. कान माझ्या यादीत आलेच नव्हते. बाहेर रस्त्यावरून सजवलेले बैल चालले होते, त्यांच्या पायांत पोरं धावत होती. आप्पांनी ते बराच वेळ बघितलं. मग दार उघडून उतरले, मोटारीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "सरक तिकडं. तू घे."

मी घेतली. आई घरी परतणाऱ्यांना ओवाळायला दारात थांबली आणि आम्ही दोघं बैलांच्या मागं निघालो. वेशीत कुणीतरी ओरडलं, "काय आप्पा, यंदा लेकीच्या हातात कासरा?" आप्पांनी त्याच्याकडे बघून हात केला. "व्हय, व्हय!" पुढं एकानं विचारलं, मोटार किती वर्षांची झाली? "व्हय, व्हय!"

हे 'व्हय, व्हय' माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. दर रविवारी फोनवर मी तेच ऐकत होते. उन्हाळ्यात माझ्या मानेत गाठ निघाली तेव्हा मी ते फक्त आप्पांना सांगितलं होतं, आई घाबरेल म्हणून. तेव्हाही ते म्हणाले होते, "व्हय, व्हय. बरं झालं." त्या दिवशी मी फोन ठेवून रागानं रडले होते, आणि पुढं कित्येक दिवस त्यांना फोन केला नव्हता.

मारुतीसमोर मोटार उभी केली. हलगी कानठळ्या बसवत होती, पण आम्हा दोघांना त्याची काही अडचण नव्हती. मी त्यांच्याकडे तोंड करून बसले, मानेवरचा व्रण दाखवला आणि एकेक शब्द सावकाश म्हणाले, "आप्पा, इथं गाठ झाली होती. काढली. आता मी बरी आहे."

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, मग मानेकडे. त्यांचं बोट त्या व्रणावर टेकलं.

"कवा?" त्यांनी विचारलं.