पुलावरून माशांना पोळी

हिंजवडीला जाणारी कंपनीची बस मी नदीवरच्या बुटक्या पुलापाशी पकडायचो. तिथे रोज सकाळी एक आजोबा माशांना पोळी घालत. शिळी पोळी ते बारीक कुस्करत. तुकडा मोठा वाटला तर परत मोडत, जणू खाली तान्ही लेकरं जेवायला बसली आहेत. त्या काळ्या पाण्यातही मासे तगून होते आणि आजोबांची वेळ ओळखत होते.

मध्ये बरेच दिवस ते दिसले नाहीत. परत आले तेव्हा हातात पोळीचा डबा नव्हता, औषधांची पिशवी होती. पाकिटातून एकेक कॅप्सूल अंगठ्याने दाबून काढत ते पाण्यात सोडत होते. रिकामी पाकिटं मात्र खिशात ठेवत होते. नदीत प्लास्टिक जायला नको.

"आजोबा, हे काय?"

"हिची अँटिबायोटिक्स. ती गेली, ही उरली."

"अहो, पण नदीत कशाला?"

"मग कचऱ्यात टाकू? एखादं पोर उचलून तोंडात घालेल. कुणाच्या पोटात जायला नको."

मी खाली पाहिलं. नेहमीच्या जागी मासे तोंड उघडून वर आले होते. आजोबा चष्मा काढून डोळे पुसत होते, त्यामुळे त्यांना ते दिसलं नाही.

"द्या, उरलेली मी टाकतो," म्हणत मी पिशवी घेतली.

ती अजून माझ्या कपाटात आहे. कुठे टाकायची, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.