एतेल नेनी आणि जांभळे पट्टे

नादशकूतच्या फुटबॉल क्लबाचा रंग जांभळा-पांढरा का, असं गावात कुणालाही विचारलंत तर तो आधी हसेल आणि मग पाद्र्याच्या स्वयंपाकीणबाईचं नाव घेईल. वीटभट्टीवरच्या पोरांनी क्लब काढला तेव्हा त्यांच्याकडे चेंडू होता, गोलाचे खांब म्हणून बाभळीचे सोट होते, आणि उत्साह तर इतका होता की शेजारच्या गावांना वाटला असता तरी उरला असता. अंगात घालायला मात्र सगळ्यांना सारखं असं काही नव्हतं. ईस्टरआधीच्या उपासात चर्चमधल्या मूर्ती ज्या जांभळ्या कापडानं झाकतात ते त्या वर्षी जुनं झालं होतं. स्वयंपाकीणबाईनं पाद्र्याला न विचारता ते टराटरा फाडलं, मध्ये मध्ये आपल्या चादरीच्या पट्ट्या घातल्या आणि अकरा शर्ट शिवून दिले. रविवारी पाद्रीबुवा मैदानाच्या कडेला आले आणि संत योसेफाचं पांघरूण उजव्या बगलेनं सुसाट धावताना बघून त्यांनी आ वासला. तेवढ्यात त्या पांघरुणानंच गोल मारला. पाद्रीबुवांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

ते पांघरूण अंगात घालून धावणारा गडी म्हणजे एतेलचा बाप.

एतेल चालायला शिकली ती शर्टांच्या दोरीखाली. आई शर्ट धुवायची, भट्टीच्या कोमट भिंतीवर वाळत टाकायची, आणि पोरगी त्या जांभळ्या-पांढऱ्या बाह्या ओढत हिंडायची. आई गेल्यावर ते काम आपसूक तिच्याकडं आलं. जिंकलं की लोक तिला सोडा घातलेली वाइन पाजायचे, हरलं की म्हणायचे, ‘शर्टांना साबण जास्त लावलास, पोरं घसरली.’ पगार असा तेवढाच.

नवराही तिला शर्टातूनच मिळाला. वेंडेल भट्टीवर विटा भाजायचा आणि रविवारी गोलकीपर. त्याचा शर्ट म्हणजे दर वेळी चिखलाचा गोळा. एकदा तिनं त्याला गाठून झापलंच.

“उडी मारल्याबिगर चेंडू अडत न्हाई व्हय रं तुला?”

“अडतो की.”

“मग?”

“मग तू माझ्याशी बोलायला येणार न्हाईस.”

एतेलनं तो ओला शर्ट त्याच्या तोंडावर फेकला आणि शरद ऋतूत त्याच्याशी लग्न केलं. पुढं तिचे खांदे नांगराच्या बैलासारखे रुंद झाले, हात कोपरापर्यंत कायमचे लाल झाले, आणि तिच्याहून वडीलधारी माणसंसुद्धा तिला एतेल नेनी, म्हणजे एतेलमावशी, म्हणायला लागली.

युद्ध संपलं, भट्टी सरकारची झाली, आणि एका वसंतात तालुक्याहून पक्षाचे कॉम्रेड फोगाराशी आले. बारीक, नीटनेटका माणूस, बोलताना टाचा उचलायची सवय. क्लबाच्या लाकडी खोपीत सगळ्यांना उभं करून त्यांनी सांगितलं, की आजपासून क्लबाचं नाव ‘लाल वीट’ आणि रंग लाल. पाद्र्याच्या उपासाचा रंग कामगाराच्या छातीवर शोभत नाही.

“कापड मिळंल का, कॉम्रेड?” एतेल नेनीनं विचारलं.

“कापडाचा कोटा पुढच्या वर्षी.”

“मग रंग तरी?”

“रंगाचाही पुढच्या वर्षी. पण एक मेला होमोकरेतविरुद्ध सामना आहे, मी स्वतः येणार आहे, आणि मला संघ लाल दिसला पाहिजे. नाही दिसला तर क्लब बंद. मैदानावर विटा रचायला जागा होईल.”

असं म्हणून ते टाचा टेकवून निघून गेले. एतेल नेनीनं खिडकीतून मैदानाकडं बघितलं आणि मनातल्या मनात तिथं विटांचे ढीग उभे करून पाहिले. ढिगांच्या मधून रविवार काही तिला सापडेना. रविवारी मग करायचं काय माणसानं? नुसतं जेवायचं?

उपाय काढला तो इग्नात्स बाचीनं, म्हणजे इग्नात्सकाकानं. हा भट्टीचा जुना मुकादम, तिच्या बापाबरोबर पहिल्या अकरात खेळलेला, आता दात तीन आणि मतं तीनशे.

“बीट उकळायचं,” तो म्हणाला. “लाल रंग बिटाचा. आणि तो पक्का व्हावा म्हणून त्यात विटेची पूड.”

“विटेची?” एतेल नेनी म्हणाली.

“आपल्या विटेनं बांधलेलं ठेसन बघ जा. त्याच्यावर पडून पडून पाऊस दमला, पण रंग हालला न्हाई.”

“आवं बाची, ती वीट भाजलेली असती. शर्ट कसा भाजू मी?”

“इस्त्री कर की!”

आता हे दुसऱ्या कुठल्या गावात कुणी ऐकून घेतलं नसतं. पण नादशकूतमध्ये विटेबद्दल शंका घेणं म्हणजे आईच्या चारित्र्याबद्दल शंका घेण्यासारखं. वेंडेलनं मान डोलावली, सेंटर फॉरवर्ड बेर्त्सीनं मान डोलावली, आणि एतेल नेनी, जिला साबण-पाण्यातलं सगळं कळत होतं, तीही शेवटी वीटवाल्याचीच पोर, तिनंही डोलावली. घराघरातल्या तळघरांत हिवाळ्यातून उरलेली बिटं गोळा झाली. डुक्कर उकळायच्या कढईत बीट, व्हिनेगर आणि विटेची पूड यांचा असा रटरटा रस्सा झाला की गावातली कुत्री दोन दिवस तिकडं फिरकली नाहीत. शर्ट बुडवले, पिळले, इस्त्रीनं चांगले भाजले. आणि खरंच, भट्टीच्या भिंतीवर लालभडक शर्ट उभे राहिले! जांभळा पट्टा कुठं होता ते शोधूनही सापडेना. इग्नात्स बाची शर्टांसमोर छाती काढून असा हिंडला, जणू लाल रंग त्याच्या आजोबांनी शोधून काढला होता.

एक मे उजाडला तो निळाभोर. बँड आला, चरबी लावलेल्या पावावर कांदा आणि लाल मिरची पडली, वाइनचे पिंप उघडले. कॉम्रेड फोगाराशी नवाकोरा मोतिया रंगाचा लिननचा सूट घालून आले. संध्याकाळी त्यांना जिल्ह्याच्या मेजवानीला जायचं होतं, खुद्द जिल्हा सचिवांच्या शेजारी बसायचं होतं, आणि ही गोष्ट त्यांनी सगळ्यांना आल्या आल्याच सांगितली. संघ लाल दिसला. त्यांनी टाचा उचलल्या.

होमोकरेत म्हणजे साखर कारखान्याचं गाव, आणि तिथली साखर निघायची बिटापासून. बीट त्यांना आम्ही शिकवावं? हस्तांदोलन करतानाच त्यांच्या कप्तानानं नाक ओढलं.

“आरं, आमचंच बीट अंगाला फासून आमच्याशीच खेळता व्हय? व्हिनेगर पण घातलंय! कोशिंबीर आली रं, कोशिंबीर!”

“खाऊन तर बघ,” बेर्त्सी म्हणाला.

पूर्वार्धात कोशिंबिरीवर एक गोल झाला. उत्तरार्ध सुरू झाला आणि नदीकडून एक ढग आला. एतेल नेनी साइडलाइनवर तिच्या पालथ्या टबावर बसली होती. तिनं ढगाकडं बघितलं, मग इग्नात्स बाचीकडं.

“ठेसन,” बाची पुटपुटला. “ठेसनचा विचार कर.”

पाऊस नुसता आला नाही, कोसळला. आधी वेंडेलच्या कोपरावरून एक लाल ओघळ निघाला. मग सगळ्यांच्याच. लाल पाणी चड्डीवर, चड्डीवरून पायावर, पायावरून गवतावर. होमोकरेतच्या ज्या ज्या गड्यानं टक्कर घेतली तो तो गुलाबी होऊन परतला. पंचाची शिट्टीसुद्धा लाल पाणी थुंकायला लागली. आणि त्या ओघळांच्या खालून, आधी अंधूक, मग स्पष्ट, मग अगदी धुऊन काढल्यासारखा, जांभळा पट्टा वर आला. त्याच्या शेजारी पांढरा. परत जांभळा.

मग पलीकडून एक म्हातारी रडत रडत टाळ्या वाजवायला लागली. आणि त्या टाळ्यांनी पोरांच्या अंगात काय शिरलं कोण जाणे, बेर्त्सीनं चिखलातून चेंडू ओढत नेला आणि बरोबरी केली.

कॉम्रेड फोगाराशी छत्री मिटून उठले. चेहरा पांढराफटक. सामना थांबवायला ते पंचाकडं हात करत तरातरा थेट साइडलाइनपर्यंत आले.

एतेल नेनीला सगळं दिसत होतं. ‘गेलं,’ ती म्हणाली, ‘मैदान गेलं, रविवार गेला.’ आणि नेमका तेव्हाच बेर्त्सीचा दुसरा गोल झाला.

पोरं उलटी फिरली तर समोर काय? प्रत्यक्ष कॉम्रेड हात पसरून धावत येतायत! एवढा मोठा माणूस, अभिनंदन करायला, पावसात! अकराच्या अकरा जणांनी त्यांच्यावर झेप घेतली. बेर्त्सीनं त्यांना कवेत धरलं, वेंडेलनं दोन्ही गालांचे मुके घेतले. ते ओरडत होते, “थांबवा! थांबवा!” आणि पोरं म्हणत होती, “न्हाई कॉम्रेड, आता थांबत न्हाई आमी!” मग लोक आत घुसले, कॉम्रेडना खांद्यावर घेतलं, बँड वाजायला लागला, आणि पंचानं, आता दुसरं काय करणार, शेवटची शिट्टी फुंकली.

खोपीत त्यांना खाली उतरवलं तेव्हा त्यांचा सूट म्हणजे खाटकाचा एप्रन झाला होता. एतेल नेनीनं सगळ्यांना बाहेर हाकललं, दार लावलं, आणि चिखलमाखल्या कॉम्रेडना वेंडेलचा स्वेटर आणि चड्डी दिली. चड्डीत त्यांच्यासारखे दोघे मावले असते. ते एका हातानं ती धरून उभे राहिले.

“निघेल का हे?” त्यांनी विचारलं. टाचा आता खालीच होत्या.

“बीट आणि वीट मिळून हाय. ह्या तालुक्यात माझ्याबिगर कुणाच्यानं निघायचं न्हाई.” तिनं राखेचं पाणी ओतलं, साबण घेतला, सूट फळीवर घालून घासायला सुरुवात केली. “मग, क्लबाचं काय ठरलं?”

“क्लब बंद. उद्याच लिहून पाठवतो.”

एतेल नेनीचे हात थांबले.

“काय झालं?”

“काय न्हाई. क्लब बंद म्हटल्यावर क्लबाची धोबीण कुठली? हात आपोआप बंद झालं बगा.”

“बाई, सचिवांशेजारी बसायचंय मला!”

“बसा की. वेंडेलचा स्वेटर बरा दिसतोय तुमाला.”

कॉम्रेड फोगाराशींनी चड्डी सावरत खोपीत दोन फेऱ्या मारल्या. “बरं. क्लब राहील.”

हात सुरू झाले. एक बाही पांढरी झाली. “आणि रंग?”

“रंग लाल! त्यात बदल नाही. वर लाल कळवलंय मी.”

हात थांबले. बाहेर कुणीतरी अकॉर्डियन काढलं होतं.

“मी माझा रंग बदलत न्हाई, तुमी तुमचा न्हाई,” एतेल नेनी म्हणाली. “मग हा सूटच बदलतो व्हय, एकटा?”

त्यांनी तिच्या लाल हातांकडं बघितलं. माणूस शेवटी कागदांत वाढलेला होता, वाट त्यालाच सापडली.

“कापड जुनं आहे,” ते हळूच म्हणाले. “धुणं फार होतं. रंग... उडतो.”

“लई उडतो,” एतेल नेनी म्हणाली.

“म्हणजे रंग लालच. फक्त उडालेला.”

“आता बोलला!” ती म्हणाली, आणि सूट असा घासला की फळीला धूर यावा.

पुढं कितीतरी वर्षं, नावं बदलली, तालुक्याचे साहेब बदलले, तरी सरकारदरबारी नादशकूतचा रंग ‘लाल, धुऊन उडालेला’ असाच राहिला, आणि मैदानावर जांभळे-पांढरे पट्टे धावत राहिले. नवीन कोणी साहेब येऊन डोळे बारीक करून बघायचा, तेव्हा सगळं गाव गंभीर चेहऱ्यानं सांगायचं, “लालच हाय की, साहेब. आमची धोबीण जरा कडक हाय.”

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी सूट भट्टीच्या भिंतीवर वाळला, इस्त्री झाली, आणि मोतियाचा मोतिया परत झाला. फक्त पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मधोमध, बेर्त्सीच्या पंजाचा फिकट गुलाबी ठसा राहिला होता. पाचही बोटं. एतेल नेनीला तो दिसला. तिनं कोट दोन्ही हातांनी उघडून धरला आणि कॉम्रेडनी तो घातला.

ते बाहेर आले. गाव दोन्ही बाजूंना टोप्या काढून उभं होतं. ते समोरून गेले तेव्हा सगळे अदबीनं झुकले, आणि पाठ वळली तेव्हा कुणी ओठ घट्ट दाबले, कुणी टोपीत तोंड घातलं, इग्नात्स बाचीनं तर स्वतःच्या मिशा चावल्या. मोटार सुरू झाली. मोटार पुलावर गेली. मोटार वळणाआड गेली.

मग जे सुटलं ते सुटलं. एतेल नेनी हसता हसता पालथ्या टबावर बसली, टबावरून चिखलात बसली, आणि वेंडेल तिला उठवायला वाकला तो तिच्या शेजारीच आडवा झाला.

“ऊठ गं,” तो म्हणत होता, “शर्ट धुवायचं हायत.”

“धुईन,” ती डोळे पुसत म्हणाली, “आधी मला हसू तर दे!”